पेरणीच्या दिवसांतला व्हिसा

जून उजाडला की बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरांतला रोख पैसा वावरात उतरतो. सोयाबीनचं बियाणं, खताच्या गोण्या, ट्रॅक्टरचं भाडं, पुढच्या निंदणी-फवारणीची सोय. मागच्या हंगामात बाजार समितीतून आलेली रक्कम तोवर लग्नकार्यात, औषधपाण्यात, उसनवारी फेडण्यात गेलेली असते आणि नवा पैसा दसऱ्या-दिवाळीशिवाय हाती लागत नाही. पीककर्जासाठी बँकेत रांगा लागतात त्याही याच दिवसांत. आणि नेमक्या याच दिवसांत, जून-जुलैमध्ये, सप्टेंबरच्या सत्रासाठी स्पेनला निघालेल्या विद्यार्थ्याला मुंबईच्या व्हिसा केंद्रात सिद्ध करावं लागतं की आपल्या घरी वर्षभराच्या खर्चाची तजवीज आहे.

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत शिकायला जाण्याची वाट या जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी अडते ती इथे. गुणवत्ता त्यांच्यात आहे आणि तिकडची विद्यापीठंही त्यांना प्रवेश देतात. पण शेतकऱ्याच्या घराची पत जमिनीत, जनावरांत, उभ्या पिकात आणि गावातल्या शब्दात असते. व्हिसा अधिकाऱ्यासमोर मात्र फक्त कागद असतो. ही पत वेळेत कागदावर कशी उतरवायची हे ज्याला कळलं, तो जातो. ज्याला सांगणारं कुणी नसतं, तो हुशार असूनही मागे राहतो. म्हणून ही सगळी वाट, गावापासून मुंबईपर्यंत, जवळून पाहायला हवी.

एवढ्या लांब कशासाठी?

गावात पहिला प्रश्न हाच येतो आणि तो रास्त आहे. उत्तरही आपल्याच मातीत आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतला मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे विहीर असूनही ओलिताची खात्री नाही. पिण्याच्या पाण्यातले क्षार आणि मूत्रपिंडाचे आजार हा या गावांचा वर्षानुवर्षांचा घोर आहे. स्पेनचा आग्नेय भाग याच दुखण्याशी झुंजत आला आहे. तिथल्या मुर्सिया शहरात राष्ट्रीय संशोधन परिषदेची 'सेबास' ही संस्था माती, क्षार आणि ओलित यांवर काम करते. कोर्दोबा विद्यापीठातल्या संशोधकांचा हात जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 'अ‍ॅक्वाक्रॉप' या संगणकीय प्रारूपामागे आहे. किती पाण्यात किती पीक येईल याचा अंदाज त्यावरून जगभर काढला जातो. सारागोसा इथे भूमध्य सागराभोवतीच्या देशांनी मिळून उभारलेली कृषी संस्था आहे. वालेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या दारात शेतकऱ्यांचं पाणी न्यायालय भरतं. शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच कालव्याच्या पाण्याचे तंटे तोंडी ऐकतात आणि तोंडीच निवाडा देतात. २००९ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिलं. ज्याच्या गावात पाण्यावरून भाऊबंदकी होते, त्याने हे शिकायला तिकडे का जाऊ नये?

लोणारचं उदाहरण तर अधिकच बोलकं आहे. बेसॉल्ट खडकात आघाताने तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर भूशास्त्रज्ञांना जगाच्या पाठीवर दुर्मीळ वाटतं. २०२० मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पृथ्वीवरच्या सर्वांत गाजलेल्या आघात-विवरांपैकी एक मेक्सिकोत आहे: युकातान द्वीपकल्पाखाली गाडलेलं चिक्शुलुब. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तिथे लघुग्रह आदळला आणि डायनासोरांचा काळ संपला. आपली दख्खनची काळी जमीन ज्या लाव्हारसातून आली, तो ओतला गेला तोही याच सुमारास. त्या महासंहारात लघुग्रहाचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, यावर अजून वाद चालतो. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने चिक्शुलुबच्या समुद्रतळात खोदून नमुने काढले, त्या संघात मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे शास्त्रज्ञ होते. लोणार तालुक्यातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला या वादाची एक बाजू घरच्या अंगणात आणि दुसरी मेक्सिकोत सापडते.

आधी गेलेले, आधी आलेले

विदर्भाला स्पॅनिश मुलूख अगदीच परका नाही. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले, जपानमार्गे अमेरिकेत पोचले, गदर चळवळीच्या उभारणीत राहिले आणि तिथेच शेतीशास्त्र शिकले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जी चित्रं काढली, त्यांतल्या एका चित्रात जेवणाच्या मेजाशी पाव मोडून देणारा माणूस आहे. त्याचा चेहरा खानखोज्यांचा आहे. ब्रिटिश सरकारच्या लेखी मात्र ते गुन्हेगार होते आणि मायदेशाची वाट त्यांना अनेक वर्षं बंद राहिली. १९५५ मध्ये ते परतले आणि नागपुरात राहिले. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

उलट दिशेने आलेल्या एका माणसाची गोष्टही इथे सांगायला हवी. बार्सिलोनात जन्मलेले फादर विसेंत फेरर १९५२ मध्ये जेझुइट म्हणून भारतात आले आणि मनमाड परिसरातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर विहिरी खोदू लागले. त्यांचं काम काहींच्या डोळ्यांत खुपलं आणि १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईच्या दिशेने पायी निघाले. एका स्पॅनिश माणसाला इथे राहू द्यावं म्हणून मराठी शेतकऱ्यांनी काढलेला तो मोर्चा होता. इंदिरा गांधींनी वाट काढली. फेरर काही काळ बाहेर गेले, १९६९ मध्ये परतले, आणि पुढचं आयुष्य त्यांनी आंध्रातल्या अनंतपूरला वेचलं.

खानखोजे काय किंवा फेरर काय, दोघांची योग्यता कामातून सिद्ध झालेली होती. तरीही एका परवान्याने त्यांचं आयुष्य अडवलं आणि वळवलं. आजच्या विद्यार्थ्याला त्यांच्याइतका मोठा संघर्ष करावा लागत नाही. त्याला फक्त नियम नीट माहीत असावे लागतात.

एका फाईलचा प्रवास

समजा, संग्रामपूर तालुक्यातली एक मुलगी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून चार वर्षांची कृषी पदवी घेतलेली. घरी आई-बाबा, लहान भाऊ आणि सहा एकर वावर. स्पेनमधल्या विद्यापीठात ओलित आणि जलव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आहे. आता तिची फाईल पाहू.

अभ्यासक्रम तीन महिन्यांहून अधिक असला की पर्यटकाचा शेंगेन व्हिसा उपयोगाचा नाही. स्पेनचा राष्ट्रीय विद्यार्थी व्हिसा लागतो. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी मुंबईचा स्पॅनिश वाणिज्य दूतावास निर्णय घेतो, आणि अर्ज बीएलएस या कंपनीच्या केंद्रातून स्वीकारले जातात. २० मे २०२५ पासून स्पेनमध्ये परकीय नागरिकांबाबतची नवी नियमावली लागू झाली आहे. तिच्यानुसार अभ्यासक्रम सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज जायला हवा. वर्ग सप्टेंबरच्या मध्याला सुरू होणार असतील तर जुलैच्या मध्यापूर्वी सगळी फाईल तयार हवी.

पहिला कागद पासपोर्ट. बुलढाणा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. दुसरा कागद प्रवेशपत्र. त्यात अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे, कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. इथे एक खबरदारी घ्यावी: अभ्यासक्रम कोणत्या भाषेत शिकवतात हे आधी विचारावं. बार्सिलोना ज्या कातालोनिया प्रांतात येतं, तिथे कित्येक विषय कातालान भाषेत शिकवले जातात. स्पॅनिश शिकून गेलेला विद्यार्थीही तिथे पहिल्या दिवशी गोंधळतो. इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम आहेत, पण घरभाडं, दवाखाना, नगरपालिका यांचा सगळा व्यवहार स्पॅनिशमध्येच चालतो. भाषेची पातळी ए१ ते सी२ अशी मोजतात, आणि स्पॅनिश माध्यमासाठी विद्यापीठं बहुधा बी२ मागतात. त्यासाठीची 'डेले' परीक्षा स्पेनच्या सेर्वान्तेस संस्थेमार्फत होते. या संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे.

तिसरा कागद पोलिसांचा चारित्र्य दाखला. सहा महिन्यांहून अधिक राहायचं असेल तर तो लागतो. त्याचा अर्ज पासपोर्ट कार्यालयाकडे करायचा, शुल्क ५०० रुपये, पडताळणी गावच्या ठाण्याकडून. ठाण्यातून मिळालेला साधा दाखला चालत नाही, हे अनेकांना मुंबईत पोचल्यावर कळतं. या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागतं. १९६१ च्या हेग करारानुसार ही खूण असलेला कागद सदस्य देश एकमेकांकडून खरा मानतात; भारत या करारात २००५ मध्ये आला. अपोस्टिलचं सरकारी शुल्क फक्त ५० रुपये आहे, वर अधिकृत सेवा केंद्राचं थोडं शुल्क. पदवी आणि गुणपत्रिकेवर अपोस्टिल हवं असेल तर त्याआधी राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची साक्षांकन-मोहोर घ्यावी लागते. त्यानंतर स्पॅनिश भाषांतर. तेही कोणाकडूनही करून चालत नाही. स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचा शिक्का असेल तर त्यावर शंका घेतली जात नाही. हा क्रम उलटला, म्हणजे आधी भाषांतर आणि मग अपोस्टिल असं झालं, तर भाषांतराचे पैसे पाण्यात जातात, कारण अपोस्टिलच्या मजकुराचंही भाषांतर व्हावं लागतं.

चौथा कागद वैद्यकीय दाखला. आपल्याकडे डॉक्टर 'शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त' असा दाखला देतात. स्पेनला वेगळं वाक्य हवं असतं: २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका होईल असा कोणताही आजार या व्यक्तीला नाही. दूतावासाने दिलेला नमुना छापून डॉक्टरांसमोर ठेवला की काम दहा मिनिटांत होतं. नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी दोनदा हेलपाटा.

पाचवा कागद आरोग्य विमा. सहलीचा विमा इथे पुरत नाही. स्पेनमध्ये काम करण्याचा परवाना असलेल्या कंपनीचा, पूर्ण काळासाठीचा आणि उपचाराच्या वेळी रुग्णाला स्वतःचा हिस्सा भरावा लागणार नाही असा विमा हवा.

मग राहण्याच्या जागेचा पुरावा, फोटो, भरलेला अर्ज, आणि शेगाव किंवा नांदुऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई. तिथे पोचल्यावर एक प्रत कमी निघाली तर संग्रामपूरहून ती कोणी आणून देणार नाही. म्हणून प्रत्येक कागदाच्या दोन-दोन प्रती पिशवीत हव्याच.

व्हिसा मिळाला तरी कागदाचं काम संपत नाही. स्पेनला उतरल्यावर महिन्याभरात परकीय नागरिकाच्या ओळखपत्रासाठी पोलिसांकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी नगरपालिकेत आपला पत्ता नोंदवावा लागतो. मेक्सिकोची रीत थोडी निराळी आहे. सहा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमासाठी तात्पुरत्या रहिवासी विद्यार्थ्याचा व्हिसा मिळतो, आणि देशात शिरल्यापासून तीस दिवसांत तो तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात ओळखपत्रावर बदलून घ्यावा लागतो.

नावाचा पेच

या सगळ्या कागदांत अडसर घालणारी एक गोष्ट कोणत्याही यादीत नसते: विद्यार्थ्याचं नाव.

आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधार कार्डावर स्वतःचं नाव आधी. पासपोर्टात आडनाव वेगळं आणि बाकी दोन्ही नावं एका ओळीत. कुणाच्या पासपोर्टात वडिलांचं नावच नसतं. बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. 'राव', 'जी', 'बाई' हे प्रत्यय कुठे आहेत, कुठे नाहीत. गावात कुणालाच शंका येत नाही की ही एकच व्यक्ती आहे. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं बहुधा वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं. तिथला कारकून आपलं तीन शब्दांचं नाव पाहतो तेव्हा शेवटचे दोन शब्द त्याला आडनावं वाटतात, आणि वडिलांचं नाव मुलीचं पहिलं आडनाव होऊन बसतं.

त्यातच जन्मदाखला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद आईच्या माहेरच्या गावी किंवा तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात. बारशाआधी नोंद झालेली, त्यामुळे बाळाच्या नावाचा रकाना कोरा. खर्च वडील करणार असतील तर नात्याचा पुरावा म्हणून हाच दाखला पुढे करावा लागतो. तेव्हा वीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधायला ग्रामसेवकाच्या मागे फिरावं लागतं.

उपाय सोपा आहे, पण तो वेळेत व्हायला हवा. पासपोर्ट काढतानाच नाव गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळवावं. जिथे फरक उरेल तिथे 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं, आणि फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र ती पिढी परदेशी जाईल तेव्हा तिचा प्रत्येक कागद त्याच क्रमाने असेल, ही काळजी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरपासून घ्यावी लागेल.

एका घराचे दोन हिशेब

आता सर्वांत कठीण भाग. स्पेनमध्ये एक सरकारी निर्देशांक आहे, त्याच्या १०० टक्के रक्कम विद्यार्थ्याकडे दरमहा हवी असा नियम आहे. २०२३ पासून ती महिन्याला ६०० युरो आहे. म्हणजे वर्षाला ७,२०० युरो; युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सव्वासात लाख रुपये. शिकवणी शुल्क, विमा, विमानभाडं याच्या वर. विद्यार्थ्याला आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करण्याची मुभा आहे, पण अर्ज करताना त्या कमाईचा भरवसा धरू नये.

संग्रामपूरच्या त्या घरातले बाबा म्हणतील, "वावर आहे, घर आहे, मंग पैसा नाही असं कोन म्हनते?" त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्यांच्या नावावर आयकर विवरणपत्र नाही, कारण आयकर कायद्यानुसार शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि बहुतेक शेतकऱ्यांना विवरणपत्र भरायची गरजच पडलेली नसते. सोयाबीन विकल्याची हिशेबपट्टी आडत्याकडून मिळते, ती कपाटात कुठेतरी असते. बचत पतसंस्थेत असते. पतसंस्थांची चळवळ या जिल्ह्यात खोलवर रुजलेली आहे. पण पतसंस्था म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बँक नव्हे, आणि व्हिसाच्या यादीत बँकेचा खातेउतारा लिहिलेला असतो.

पुढचा पेच याहून अवघड. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो, त्यात वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आसपास. व्हिसासाठी त्याच घराने सात-आठ लाख दाखवायचे. दोन्ही कागद खरे आहेत: उत्पन्न कमी आहे आणि मुलीसाठी घराने पैसा उभाही केला आहे. पण मधली कडी कागदावर नसेल, तर जुलैत अचानक खात्यात आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याला उसनी वाटते. म्हणून पैसा आला कुठून, त्याचा माग सोबत हवा. एक एकर विकलं असेल तर खरेदीखत. मामांनी मदत केली असेल तर त्यांचं पत्र, नात्याचा पुरावा आणि त्यांचा खातेउतारा. आणि सर्वांत सुटसुटीत म्हणजे शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र.

कर्जाची वाटही गावाला सरळ नाही. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देण्याची योजना आहे, पण त्यावरच्या रकमेला तारण लागतं. शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात. गावठाणातलं घर द्यावं, तर त्याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागलं आहे. ज्या घरात मुलं कॉलेजात आहेत त्यांनी हे पत्रक आधी हातात घ्यावं. कर्जाचा अर्ज प्रवेशाची वाट न पाहता जानेवारी-फेब्रुवारीतच चाचपून पाहावा. दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचा पैसा आला की त्यातला शिक्षणाचा वाटा त्याच दिवशी बँकेत मुदत ठेवीत टाकावा. जूनपर्यंत ती ठेव सात महिन्यांची झालेली असते आणि तिच्यावर कुणी शंका घेत नाही. शेतीचं वर्ष आणि व्हिसाचं वर्ष जुळवायचं ते असं.

शिष्यवृत्तीचं वेळापत्रक

ज्या घरात विकायला एकरही नाही, तिथे शिष्यवृत्तीचं पत्र हाच आर्थिक पुरावा. राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, इतर मागास, भटक्या-विमुक्त, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची योजना आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या १२५ जागा. या योजनांनी गरीब घरातली मुलं जगातल्या नामांकित विद्यापीठांत पोचवली आहेत, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

पण दोन गोष्टी बदलायला हव्यात. पहिली, क्रमवारीची अट. राज्याच्या योजना जागतिक क्यूएस क्रमवारीत पहिल्या दोनशेत असलेलं विद्यापीठ मागतात. स्पेनमधली माद्रिद-बार्सिलोनाची तीन-चार विद्यापीठं त्यात बसतात. मेक्सिकोचं राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ, ब्वेनोस आयरेस विद्यापीठ आणि चिलीचं कॅथलिक विद्यापीठ तर २०२५ च्या यादीत पहिल्या शंभरात होती. पण खाऱ्या जमिनीचा, ओलिताचा अभ्यास जिथे मुरलेला आहे ती कोर्दोबा, मुर्सिया, सारागोसाची विद्यापीठं त्या यादीबाहेर राहतात. खारपाणपट्ट्यातल्या मुलीला तिच्या गावाच्या उपयोगाचं शिकायला सरकार पैसे देत नाही आणि दुसरं काही शिकायला देतं, हा हिशेब चुकीचा आहे. विषयवार क्रमवारी धरली तरी हा प्रश्न बराचसा सुटेल.

दुसरी, वेळ. जाहिरात, छाननी, निवड यादी, हरकती यांत उन्हाळा-पावसाळा जातो आणि स्पेनला अर्ज जुलैत द्यायचा असतो. केंद्राच्या योजनेत २०२५ च्या जुलैत निवड झालेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रं मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यावर देऊ असं सांगण्यात आलं. ज्याच्या घरी दुसरा पुरावा नाही त्याच्यासाठी पत्राचा उशीर म्हणजे नकारच.

या दोन्ही अडचणी टाळणारा एक मार्ग युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा. स्पॅनिश विद्यापीठं त्यांत मोठ्या संख्येने आहेत. निवड झाली तर शिकवणी शुल्क माफ आणि महिन्याला १,४०० युरो, दोन वर्षांपर्यंत. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, निकाल उन्हाळ्याआधी.

दलाल आणि नकार

माहितीच्या या पोकळीत दलाल शिरतात. ५० रुपयांच्या अपोस्टिलचे हजारो रुपये घेतले जातात. 'भाषेच्या कोर्सवर व्हिसा काढून देतो, तिकडे नोकरी बघा' असं सांगितलं जातं. भाषेच्या अभ्यासक्रमालाही पूर्णवेळ, आठवड्याला किमान २० तासांचं शिक्षण लागतं आणि संस्था मान्यताप्राप्त असावी लागते. डॉक्टर होण्यासाठी स्पॅनिश माध्यमाच्या देशात जाणाऱ्यांनी एक नियम पाठ करावा: राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय पदवी किमान ५४ महिन्यांची आणि इंग्रजी माध्यमाची असली तरच भारतात नोंदणीचा मार्ग खुला राहतो. पैसे भरल्यावर हे कळून उपयोग नाही.

आणि नकार आला तर? तो लेखी येतो आणि त्यात कारण असतं. महिन्याच्या आत त्याच दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. दोन महिन्यांच्या आत माद्रिदच्या उच्च न्यायालयात दादही मागता येते. आर्थिक पुरावा अपुरा, इतकंच कारण असेल तर नव्या कागदांसह फेरविचार मागावा. आपल्याकडे नकाराचं पत्र दडवून ठेवतात, नातेवाइकांत नाचक्की होईल म्हणून. ते पत्र उघडून, भाषांतर करून वाचलं पाहिजे, कारण पुढच्या अर्जाची सगळी तयारी त्यावरूनच ठरते.

वाट सांगणारी माणसं

लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे शेतकरी घरातले, घरात पदवीपर्यंत पोचलेले पहिलेच. २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकायला गेले. त्याआधीच, २०१७ मध्ये, त्यांनी 'एकलव्य' ही संस्था सुरू केली होती. वंचित घरांतल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामांकित संस्थांत आणि परदेशी विद्यापीठांत पोचवण्यासाठी ती मार्गदर्शन करते. त्यांचा मुलूख इंग्रजीचा होता. पण त्यांच्या वाटचालीने दाखवून दिलं की लोणार तालुक्यातल्या मुलाला परदेशाचं दार उघडायला आधी गेलेल्या माणसाचं बोट लागतं.

हे काम एका संस्थेवर सोडून चालणार नाही. शेगाव, चिखली, खामगाव, बुलढाण्याच्या महाविद्यालयांनी दर दिवाळीच्या सुट्टीनंतर अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे कागद एकत्र तपासावेत: नाव जुळतं का, जन्मदाखला आहे का, पासपोर्ट आहे का. जिल्हाधिकारी कार्यालयात साक्षांकन, अपोस्टिल आणि चारित्र्य दाखल्याची माहिती देणारी एक खिडकी असावी, म्हणजे दलालाच्या दुकानात जायची गरज पडणार नाही. राष्ट्रीयीकृत बँकांनी पीककर्जाच्या गर्दीत शैक्षणिक कर्जाची फाईल तळाशी जाऊ देऊ नये. आणि राज्य शासनाने परदेशी शिष्यवृत्तीची निवडपत्रं १५ जूनच्या आत द्यावीत. सत्र सप्टेंबरात सुरू होणार हे वर्षभर आधी माहीत असतं.

१८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो इथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोचावा म्हणून. त्या काळच्या सरकारला गाठींची निकड होती, तर रूळ टाकले गेले. आज या जिल्ह्यातून बाहेर पडू पाहतात ती इथली मुलं आहेत, आणि ती शिकून येतील ते ज्ञान पूर्णेच्या खोऱ्यात, लोणारच्या काठावर, मेहकर-चिखलीच्या कोरडवाहू वावरांत उपयोगी पडणारं आहे. त्यांच्यासाठी लागणारी सोय फार मोठी नाही: वेळेवर एक पत्र, जुळलेलं एक नाव आणि नियम समजावून सांगणारा एक माणूस. एवढं सरकारने, महाविद्यालयांनी आणि आपण सर्वांनी मिळून द्यायलाच हवं.